इंजिन उघडण्याआधी ब्रीदर तपासा

संपादक महोदय,

गाळप हंगाम तोंडावर आला की ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर आणि ट्रक गॅरेजला लागतात आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर दिसला की ‘रिंगा गेल्या, इंजिनचे काम काढावे लागेल’ असा निकाल सांगली परिसरात सर्रास दिला जातो. वास्तविक ज्वलनातील थोडा वायू पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरणे धडधाकट इंजिनातही घडतेच. त्याला बाहेर पडण्याची वाट काजळीने आणि चिकट ऑइलने तुंबली, की आतला दाब वाढून क्रँकच्या सीलमधून किंवा डिपस्टिकच्या नळीतून ऑइल बाहेर येते. (अशा वेळी नुसते सील बदलून गिऱ्हाइकाला वाटेला लावणारेही आहेत, ते सील पुन्हा गळते.)

म्हणून आधी ब्रीदरची नळी आणि तिचा व्हॉल्व्ह साफ करावा, मग तापलेले इंजिन संथ चालवून ऑइलचे झाकण तोंडावर उलटे टेकवावे. तरीही ते थडथडले आणि ठोक्याठोक्याने धूर आला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजावे. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडल्यावर आकडा वाढला तर संशय रिंगांवर, नाही वाढला तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर वा गॅस्केटवर. डिझेलला ही युक्ती फसवी, कारण तिथे ऑइलनेच जागा भरून आकडा फुगतो. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती ब्रीदरमधून निसटते (म्हणजे रिंगा) की सायलेन्सरमधून (म्हणजे व्हॉल्व्ह), हे कान लावून ऐकणे अधिक खात्रीचे. टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) गाडीत टर्बोचे झिजलेले सीलही चेंबरमध्ये दाब भरते, हे बहुधा कुणी पाहतच नाही.

खर्चाला होकार देण्यापूर्वी वाहनमालकांनी हे आकडे कागदावर मागून घ्यावेत, ही विनंती.

— एक वाहनदुरुस्ती कारागीर, तासगाव (जि. सांगली)