डॉक्टर मॅडम, तुम्ही अम्मीला खुर्ची दिलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचे आभार समोरासमोर मानायला मला कधी जमलं नाही. तुमच्या टेबलापाशी आले की मी रक्तातल्या साखरेच्या रीडिंगची वही पुढे करते, तुम्ही चष्मा सारखा करून ती वाचता, आणि बोलणं साखरेवर सुरू होऊन साखरेवरच संपतं. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली असतात, त्यामुळे मी उठते. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. माझ्यासारखी मुलं-मुली कोकणात गावोगाव आहेत. त्यांनी आणि त्यांच्या आयांनी हे वाचावं असं मला वाटतं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

शबे बरात होऊन गेली. १८ फेब्रुवारी २०२६च्या संध्याकाळी चंद्र दिसला तर १९ला पहिला रोजा, नाहीतर २०ला. गावात मशिदीला रंग देऊन झाला, वजूच्या जागेवरच्या गळक्या तोट्या बदलल्या. आमच्या घरी तांदूळ धुवून, वाळवून, गिरणीतून पीठ आलं. चाचीने समोशांच्या पट्ट्या भाजून फ्रीजरमध्ये ठेवल्यात. अब्बांनी कुवेतहून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर खजूर पाठवलेत. भातशेतीत लावलेली कलिंगडं तयार होत आलीत, ती इफ्तारीला लागतील. दरवर्षी हे सगळं मी बघते आणि त्यात हातही लावते, पण ती तयारी इतरांसाठी असायची. यंदा ती माझ्यासाठीही आहे. हे वाक्य लिहिताना हात थरथरतोय, मॅडम.

मला टाइप वन डायबेटिस, म्हणजे रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं तो मधुमेह, झाला २०१९ मध्ये, तेराव्या वर्षी. त्या साली रमजान मे महिन्यात होता. उकाडा, चौदा तासांहून मोठा रोजा, आणि मी नुकती इंजेक्शन टोचून घ्यायला शिकत होते. त्याआधी लहान असताना हौसेने काही रोजे धरले होते. पहिल्या रोज्याला नवा ड्रेस, गळ्यात हार, नातेवाइकांनी हातात ठेवलेले पैसे, सगळं झालं होतं. मग एकदम थांबलं. दुपारी बारा वाजता स्वयंपाकघराचं दार लोटून एकटीने जेवायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसायचं. दुआ सगळे मागतात, मीही मागायचे. पण खजूर तोंडात घालताना मान खाली जायची.

मला कुणी गुन्हेगार ठरवलं असं नाही. सूरह बकराच्या १८४ आणि १८५व्या आयतीत आजाऱ्याला सूट दिली आहे, आणि अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अडचण इच्छित नाही, असं तिथे स्पष्ट आहे. आमचे मौलाना हे दरवर्षी सांगतात. अब्बा दरवर्षी माझ्या नावाने फिद्या देतात, म्हणजे सुटलेल्या रोज्यांबदल्यात गरिबाला जेवण. धर्माने मला कोंडीत पकडलं नव्हतं. कोंडीत पकडलं ते माणसांनी, दोन्हीकडच्या.

एकीकडे काही नातेवाईक. "इंजेक्शन बंद कर, नीयत पक्की ठेव, काही होत नाही." हे बोलणाऱ्यांपैकी एकानेही रात्री तीन वाजता माझी साखर खाली गेलेली पाहिलेली नाही. ती पाहिली आहे अम्मीने. दुसरीकडे मोठ्या शहरातले एक मोठे डॉक्टर. आम्ही आशेने तिथे गेलो होतो. मी रमजानचा विषय काढला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवरची नजर हलवली नाही. "तुम्हा लोकांचं हे दरवर्षीचं आहे," म्हणाले. मग अम्मीकडे बघून, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "मुलीला मारायचंय का तुम्हाला?"

ते नाही म्हणाले याचा मला राग नाही. टाइप वनमध्ये रोजा धोक्याचा असतो आणि पुष्कळांना तो धरू नका असंच सांगावं लागतं, हे तुम्हीही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत. पण त्यांनी माझी वही उघडली नाही, एक प्रश्न विचारला नाही. आणि बोलले कुणाला? ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, वीज गेली, फ्रीज बंद पडला. तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात माझं इन्सुलिन सांभाळणारी, दर दोन तासांनी उठून ते फडकं भिजवणारी बाई होती ती. त्या दिवशी परतीच्या एसटीत अम्मी मार्गताम्हाने येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कुठल्याही डॉक्टरकडे गेली की ती भिंतीला टेकून उभी राहायची. बसायचीच नाही.

तुमच्याकडे आम्ही डिसेंबरमध्ये आलो तेव्हाही ती तशीच उभी होती. मी बसले होते. रमजानचं मी जवळजवळ पुटपुटतच सांगितलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं. तुम्ही लगेच काही बोलला नाहीत. उठलात. वजनकाट्याजवळच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता, तो तुम्ही उचलून खाली जमिनीवर ठेवलात. पदराने नाही, ओढणीने नाही, सरळ हाताने ती खुर्ची पुसलीत आणि ओढून माझ्या शेजारी आणलीत. "ताई, तुम्ही बसा. स्वयंपाक तुम्ही करता ना? मग हिशोब मला तुमच्याशीच करायचाय. सहरीला घरात काय असतं ते सांगा." सहरी म्हणजे रोज्याआधी पहाटे खातात ते.

मॅडम, तुम्हाला हे आठवतही नसेल. कंपाउंडरला हाक मारून खुर्ची मागवता आली असती, तुम्ही स्वतः उठलात. अम्मी क्षणभर माझ्याकडेच बघत राहिली. मग बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि बोलायला लागली. मी तिला कुठल्याही दवाखान्यात इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, रात्रीचं माशाचं कालवण, कधी अंडं, कधी नारळाच्या रसातल्या शिरवळ्या. तुम्ही सगळं लिहून घेत होतात. मध्येच विचारलंत, "भाकरी केवढी? तुमच्या तळहाताएवढी की ताटाएवढी?" अम्मी हसली. तिने हवेत गोल काढून दाखवला, आणि तुम्ही कागदावर तेवढाच गोल काढलात.

तुम्ही नाचणीचं सुचवलंत, सहरीला ती सावकाश पचते म्हणून. अम्मी म्हणाली, नाचणी तर वरकस जमिनीवर आमचीच होते. तिच्या घरात जे आहे त्यातूनच उपाय निघतोय हे तिला दिसलं, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला हे मी बाजूने पाहत होते. इफ्तारला तीन खजूर नकोत, एकच, असं तुम्ही म्हणालात आणि जरा थांबलात, दुखावलं तर नाही ना, म्हणून. अम्मी लगेच म्हणाली, "एक चालतो की. विषमच आकडा हवा, एक पण विषमच."

पुढचं सगळं मी इथे लिहीत नाही. किती युनिट, कुठलं इन्सुलिन कधी, ते माझं माझ्यापुरतं आहे आणि कुणी ते वाचून आपल्यावर लावू नये. एवढंच सांगते, की अशी तयारी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांबरोबर सुरू करायची असते, हे मला तुमच्यामुळे कळलं. इतकी वर्षं आम्ही चंद्र दिसायच्या चार दिवस आधी विचारत होतो. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही गावात अनेकांना माहीत नव्हतं. मी मौलानांना विचारलं, त्यांनी जुम्म्याला सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या मोहल्ल्यात साखरेचे पेशंट घरटी एक तरी असतील. त्यातले किती जण रमजानभर मशीन कपाटात ठेवून देत असतील, कोण जाणे.

आणि तुमची ती अट. साखर ७०च्या खाली गेली की रोजा तोडायचा, ३००च्या वर गेली तरी तोडायचा, मगरीबला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सुटायला, पाच मिनिटं उरली असली तरी तोडायचा. "हे कबूल असेल तरच पुढे बोलू," म्हणालात. मी कबूल म्हटलं. तुम्ही अम्मीलाही वेगळं विचारलंत. तिनेही कबूल म्हटलं, आणि तिचा शब्द तुम्ही माझ्या शब्दाइतकाच मोलाचा धरलात.

आधी काही रोजे धरून बघायचे ठरले. इथे एक अडचण होती. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, आणि आमच्याकडे रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या पंधरा तारखेनंतर, आधीची सवय नसेल तर, नफिल म्हणजे ऐच्छिक रोजे धरत नाहीत. मला वाटलं हे तुम्हाला कटकटीचं वाटेल. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलंत, "मग पंधराच्या आत बसवू," म्हणालात आणि माझ्याकडून सोमवार-गुरुवारच्या तारखा भरून घेतल्यात. त्यातला एक सोमवार २६ जानेवारी होता. कॉलेजात झेंडावंदन करून उन्हात घरी आले आणि चार वाजता रीडिंग आलं ६६. मगरीबला अजून अडीच तास होते. मी अटीप्रमाणे रोजा तोडला, ग्लुकोजचं पाणी प्यायले आणि मागच्या पडवीत बसून खूप रडले. दवाखान्याला सुट्टी होती. तरी तुमचा फोन आला, कारण मी रीडिंग पाठवलं होतं. "आता किती आहे?" विचारलंत. मी आकडा सांगितला. "बरोबर केलंस," म्हणालात, आणि लगेच डोस बदलून दिलात. त्यानंतरचे रोजे पूर्ण झाले.

पहिला पूर्ण झाला त्या संध्याकाळी अम्मीने अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. अब्बा कामावरून नुकते खोलीवर आले होते. मी खजूर तोंडात घातला आणि ते फोनच्या पलीकडे डोळे पुसत होते.

इफ्तार पार्ट्या आता पुष्कळ होतात. मोठमोठी माणसं टोप्या घालून येतात, फोटो छापून येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, कुणी आपल्या ताटाशी येऊन बसतंय ते चांगलंच. पण मला यंदा जो आदर मिळाला त्याचा फोटो कुणी काढलेला नाही. समोरच्या माणसाचा दिवस कसा जातो, तो कधी उठतो, त्याच्या चुलीवर काय शिजतं, हे विचारायला पदवी लागत नाही आणि वेळही फार लागत नाही. एसटीत म्हातारीला चढताना हात देणारे कंडक्टर आपल्याकडे आहेत. पुराच्या वेळी, २०२१च्या जुलैत, चिपळूणात पाणी भरलं तेव्हा कोण कुणाचं न विचारता लोक लोकांना खांद्यावरून बाहेर काढत होते, जेवणं पोहोचवत होते. मग तोच माणूस एरवी, कोरड्या दिवशी, टेबलाच्या पलीकडे बसला की इतका कोरडा का होतो? शिकलेल्या, मोठ्या हुद्द्याच्या माणसांना मी हे खरंच विचारते आहे. तुम्ही नाही म्हणा, शंभरदा म्हणा, पण आधी त्या आईला बसायला सांगा.

मॅडम, यंदा शिमगा रमजानातच येतोय. तुमच्या घरी पालखी येते त्या दिवशी दवाखाना बंद असेल, हे तुम्ही मला आधीच सांगितलंत, "फोन मात्र चालू असेल" हेही. मी शक्यतो त्या दिवशी त्रास देणार नाही. देव तुमच्या अंगणात येणार, त्या दिवशी तुम्ही निवांत असायला हवं. माझी वही तयार आहे. सहरीनंतर, दुपारी, असरच्या नमाजाला, इफ्तारआधी आणि रात्री तरावीहच्या नमाजानंतर, पाचही वेळचे आकडे लिहायला रकाने आखून ठेवलेत. पहिला आठवडा बघायचा आणि मग पुढचं ठरवायचं, हे आपलं बोलणं मी विसरलेले नाही. तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन, आणि या वेळी वाईट वाटणार नाही. कारण तुम्ही ते वही वाचून म्हणालेल्या असाल.

अम्मी रोज तुमच्यासाठी दुआ मागते. मीही मागते, तुमच्या मुलांसाठीही. गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि ईद त्याच्या मागोमाग, एक-दोन दिवसांत. तेव्हा तुम्ही सगळे आमच्या घरी या, असं अम्मीचं आग्रहाचं बोलावणं आहे. शृंगारतळीच्या नाक्यावर आलात की फोन करा, भाऊ न्यायला येईल. शिरवळ्या नारळाच्या रसातल्या असतील, आणि तुमच्या घरी जे खात नाहीत ते ताटात येणार नाही, त्याची काळजी करू नका. फक्त गूळ किती चालेल तेवढं आधी कळवा, असं अम्मीने विचारलंय. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

तुमची,
रीडिंगची निळी वही घेऊन येणारी मुलगी,
गुहागर तालुका