दोन तासांत अनारसे होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर आमच्या भागातल्या लहान संग्रहालयातल्या दिवाळी कार्यशाळेची बातमी वाचली. मथळा होता ‘दोन तासांत अनारसे!’. रविवारी मी माझ्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन त्याच खोलीत बसले होते, म्हणून हे पत्र. दोन तासांत अनारसे होत नाहीत. दोन तासांत तयार पिठाच्या गोळ्या थापून तळता येतात. रविवारी तेवढंच झालं, आणि तेही नीट झालं नाही.

‘मुलांनी स्वतःच्या हातांनी अनारसे केले’ असं तुमच्या बातमीत आहे. टेबलांवर विकतच्या पिठाच्या गोळ्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. शेजारी वाटीत खसखस. मुलांनी गोळी खसखशीवर थापायची आणि ताट पुढे सरकवायचं. तळण गॅसपाशी उभ्या असलेल्या ताई करणार. मुलांना कढईजवळ जाऊ दिलं नाही हे योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे पीठ कुठून आलं, तांदूळ किती दिवस भिजला, गूळ कसा मुरला, यातलं एक अक्षर कोणी मुलांना सांगितलं नाही. अनारशातलं सगळं काम तिथेच असतं. थापणं हे शेवटचं पाच मिनिटांचं.

नातीचा अनारसा कढईत पडला आणि हसला. घरी अनारसे करणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको, पण तुमच्या बातमीदाराला कदाचित माहीत नसेल. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार सैल झालं की अनारसा तुपात पसरतो, विरतो, त्याची जाळी फुटून सगळीकडे कण होतात. त्याला आम्ही ‘हसला’ म्हणतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तो हसला की आपण रडायचं नाही. पिठात गूळ घालण्याआधी मूठभर कोरडी पिठी डब्यात बाजूला काढून ठेवायची ती याच वेळेसाठी. पहिला हसला की थोडी पिठी मळून घ्यायची, दुसरा एक तळून बघायचा, लागली तर आणखी चिमूटभर. उलट झालं, अनारसा कडक आणि बिनजाळीचा झाला, तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा किंवा चमचाभर दूध. कढईपुढे उभं राहून हे कळतं आणि सुधारताही येतं.

त्या ताईंनी काय केलं? झाऱ्याने तो चुरा काढला आणि केराच्या डब्यात टाकला. म्हणाल्या, ‘हिचं बिघडलं, हिला दुसऱ्या कुणाचा द्या.’ पुढच्या टेबलावरच्या दोन मुलांचेही हसले, तेही डब्यात गेले. गोळ्या सगळ्या एकाच पाकिटातल्या, मुलांनी त्यांत काहीच घातलं नव्हतं. मग ‘हिचं’ काय बिघडलं? पोर काही बोलली नाही, हातातली खसखस फ्रॉकला पुसत उभी राहिली. परत येताना रिक्षात तिने विचारलं, ‘आजी, मी काय चुकीचं केलं?’ ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा का बोलले नाही, असं कोणी विचारेल. मी बोलले. हात वर करून म्हटलं की थोडी तांदळाची पिठी मिळाली तर सुधारता येईल. मला उत्तर मिळालं, ‘पालकांनी कृपया मागच्या खुर्च्यांवर बसावं, मुलांना स्वतः शिकू द्या.’ जाहिरातीत ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ लिहिलं होतं. माझेही ३५० रुपये घेतले होते, नातीचेही तेवढेच. त्या खोलीत मागच्या रांगेत आम्ही सहा-सात आज्या होतो. माझ्या शेजारच्या बाई मूळच्या कोकणातल्या. त्यांच्याकडे अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असलं की आळीतल्या बायका त्यांनाच बोलवायच्या, असं त्या सांगत होत्या. चाळीस वर्षं हे केलेली बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर पर्स धरून बसली होती आणि पुढे मुलांना शिकवलं जात होतं ते पाकिटाच्या मागे छापलेलं. त्या तळणाऱ्या ताई तरुण होत्या, कष्टाळू होत्या, दोन तास आचेपाशी उभ्या होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी शिकवलंच नसेल तर त्या काय करतील? राग आहे तो ज्यांनी कार्यक्रम आखला त्यांच्यावर, आणि आता, माफ करा, थोडा तुमच्यावरही.

आता संग्रहालयाबद्दल. तिथल्या काचेच्या कपाटात आमच्या घरातला चकलीचा पितळी सोऱ्या आणि सासूबाईंचं कातणं, म्हणजे करंजीची कड कापायचं दातेरी चाक, आहे. काही वर्षांपूर्वी परिसरातल्या घरांकडून जुन्या वस्तू मागवल्या तेव्हा मी स्वतः नेऊन दिलं. कातण्याची कड एका ठिकाणी दबलेली आहे, त्यामुळे त्याने कापलेल्या करंजीला प्रत्येक फेऱ्यात एक दात कमी उमटतो. आमच्या घरची करंजी लांबूनही ओळखू यायची ती त्यावरून. हे सगळं मी तेव्हा लिहून दिलं होतं. आज कपाटावर चिठ्ठी आहे, ‘स्वयंपाकघरातील वस्तू’. कातणं हा शब्दसुद्धा नाही. नातीने काचेला नाक लावून ते ओळखलं, कारण मी तिला त्याची गोष्ट सांगितली आहे. त्यानंतर दहा पावलांवर तिला करंजी करायला प्लास्टिकचा साचा दिला गेला. पारी ठेव, सारण भर, मिटव, झालं. साट्याच्या करंजीला पदर कसे सुटतात, तूप आणि पिठी फेसून पोळीवर पोळी ठेवून गुंडाळी कशी करायची, तिचे तुकडे कापून कुठली बाजू वर ठेवून लाटायचं, हे साच्याला विचारायचं का?

काचेआडची वस्तू बाहेर काढू नये, हे मलाही कळतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर हिंडून जमवल्या आणि संग्रहालयाला आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. त्या तशाच जपल्या पाहिजेत, त्यांना कोणी हात लावू नये. माझ्या मुलांना मी दर दोन-तीन वर्षांनी तिथे नेत असे. माझा मुलगा एकेका दिव्यापुढे उभा राहून यात तेल कुठून घालायचं ते विचारायचा. पण आमच्या भागातल्या लहान संग्रहालयात एकसारखे तीन पितळी सोरे आहेत, तीनही आमच्यासारख्यांच्या माळ्यावरून आलेले. त्यातला एक वर्षातून एक दिवस चिंचेने घासून वापरला तर काय झिजणार आहे? चकलीचं पीठ दाबताना सोऱ्याच्या दांड्यावर छातीचा जोर लागतो, दोन माणसं लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. लहानपणी आमच्याकडे भाऊ धरायचा आणि मी फिरवायचे. कुटुंबासाठी कार्यशाळा म्हणजे मला तरी असं काहीतरी वाटलं होतं.

आकाशकंदिलाचीही तीच गत झाली, त्यावर जास्त लिहीत नाही. कापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, आधीच पाडलेल्या खाचा, मागे चिकट कागद. वीस मिनिटांत साठ मुलांचे साठ सारखे कंदील तयार झाले. बांबूची कामटी एकाही मुलाच्या हातात आली नाही. आमचे वडील कामट्या तासून, सारख्या मापाचे चौकोन दोऱ्याने बांधायचे. आई कणकेची खळ शिजवायची, किडीने कागद खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची आणि आम्हाला दटावायची की बोटं तोंडात घालू नका. आमचं काम झिरमिळ्या कापायचं. पहिल्या वर्षीचा आमचा कंदील एका बाजूला कलला होता. तो चारही दिवस तसाच दारात लागला होता, कोणी केरात टाकला नाही.

मी नुसती तक्रार करून थांबत नाही. संयोजकांनी पुढच्या वर्षी एकाऐवजी तीन सकाळी ठेवाव्यात. पहिल्या सकाळी मुलांनी जुना तांदूळ धुऊन भिजत घालावा आणि भांडं घरी न्यावं. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, हे काम नऊ वर्षांचं मूल सहज करतं. चौथ्या दिवशी उपसून सुती फडक्यावर सावलीत पसरायचा, हाताला ओलसर लागतो तोवरच दळायचा, बारीक चाळायचा. दुसऱ्या सकाळी ही पिठी घेऊन यावं, तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे बांधावेत, डबे परत घरी. आठवडाभर पीठ मुरू द्यावं. तिसऱ्या सकाळी तळण. मंद आच, खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं आणि झालेला अनारसा चाळणीत उभा ठेवायचा. जे हसतील ते वाटीत घेऊन सगळ्यांनी खावेत, चवीला ते तितकेच चांगले लागतात. आज्यांना पहिल्या रांगेत बसवा. शिकवायला मी येईन, पैसे नकोत. शेजारच्या कोकणातल्या बाईंनीही होकार दिला आहे. आणि संग्रहालयाच्या पायऱ्यांना कठडा लावून घ्या. बावीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या, भिंतीला धरून चढावं लागतं.

जाता जाता तुमच्यासाठी एक. बातमीसोबतच्या छायाचित्राखाली करंजीच्या ताटाला ‘गुजिया’ लिहिलं आहे. उत्तरेत तिला गुजिया म्हणतात, तो तिथला शब्द आहे आणि चांगला आहे. पण पुण्यातल्या मराठी दैनिकात, महाराष्ट्रातल्या ताटाखाली, करंजी असा तीन अक्षरी शब्द उपलब्ध असताना हे का व्हावं? संग्रहालयाच्या चिठ्ठीवर कातणं नाही आणि तुमच्या पानावर करंजी नाही. मग माझ्या नातीने हे शब्द वाचायचे कुठे? कृपया दुरुस्ती छापा.

रविवारी घरी आल्यावर आम्ही दोघींनी अर्धा किलो तांदूळ भिजत घातला. सोमवारी आणि काल तिने स्वतः पाणी बदललं, वास आला म्हणून नाक मुरडलं, पण बदललं. आज संध्याकाळी ती शाळेतून आली की शेवटचं पाणी बदलायचं आहे आणि उद्या सकाळी तांदूळ उपसायचा आहे. मूठभर पिठी कुठल्या डब्यात बाजूला ठेवायची, ते तिने आत्ताच ठरवून टाकलं आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक आजी, कोथरूड, पुणे