खांद्यातलं शेजारपण

प्रिय अव्या,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन. चिडला असशील, तुझा हक्कच आहे. आम्ही सगळे बरे आहोत. आईचं बीपी गोळ्यांवर ठीक, माझी कंबर मधूनमधून कुरकुरते, एवढंच. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

डिसेक्शन हॉलमधलं आपलं भांडण आठवतं? मी मृतदेहाचा खांदा 'साफ' करत होतो. चारही स्नायू सुटे दिसावेत म्हणून मधलं पांढरं जाळं खरवडून बाजूला टाकत होतो. तू माझा हात धरलास, चिमट्याने वरचा स्नायू, सुप्रास्पायनेटस, ओढलास, आणि हाडाजवळ त्याच्या मागच्या शेजाऱ्याची, इन्फ्रास्पायनेटसची, कड हलली. "हे दोघं वेगळे नाहीतच," म्हणालास. मी म्हणालो, परीक्षेत सुटे दाखवायचेत. दोन दिवस अबोला! शेवटी पम्याने दोघांची डोकी एकमेकांवर आपटली तेव्हा बोललो.

आता माझ्याकडे एक रंगकाम करणारे गृहस्थ येतात. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा पट्टा, थोडीशीच, पण आरपार फाटलेली. तरी हात डोक्यावर सहज जातो, दुखतही नाही. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो, अंगठा खांद्याच्या पात्यावरच्या आडव्या हाडाच्या उंचवट्याखाली ठेवला. हात वर जाताना इन्फ्रास्पायनेटस अंगठ्याखाली असा टणक झाला की तुझा चिमटाच आठवला.

रात्री जुनं वाचन उकरलं. या दोघांच्या कंडरा हाडाला चिकटण्याआधी साधारण 15 मिलिमीटरवरच एकमेकींत मिसळतात, हे 1992 सालीच दाखवलेलं आहे. त्यांच्या आत, सांध्याच्या बाजूने, तंतूंचा एक जाड दोर आडवा जातो. त्याचं पुढचं टोक बायसेप्सच्या कंडरेला लागून रोवलेलं, मागचं इन्फ्रास्पायनेटसच्या खालच्या कडेला. झुलत्या पुलासारखा तो भार दोन्ही टोकांकडे नेतो, म्हणून मधल्या पातळ भागात भोक पडलं तरी हात उचलता येतो. ॲमस्टरडॅमचे संशोधक हायिंग यांचं उंदरांच्या पायांवरचं कामही पुन्हा वाचलं. एकाच स्नायूच्या दोन टोकांना मोजलेलं बल सारखं भरत नाही, कारण काही बल स्नायूंभोवतीच्या आवरणातून शेजारच्या स्नायूकडे जातं. स्नायूची लांबी तीच ठेवून नुसता शेजारी सरकवला तरी बल बदलतं.

तू लगेच मांजर काढशील, माहीत आहे. 2008 साली मांजराच्या सोलियसवर, म्हणजे पोटरीतल्या स्नायूवर, पाहिलं, तर नेहमीच्या हालचालीत शेजाऱ्यांचा परिणाम फारसा आढळला नाही. कबूल. पण ते पायातलं. खांद्यात तर कंडराच एकमेकींत विणलेल्या आहेत. इथे मी तुझ्या बाजूचा आहे, आणि हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

खरी काळजी पुढे आहे. त्यांनी विचारलं, "छताचं काम घेऊ का?" मी हात बघून खूश झालो आणि हो म्हणालो. घरी आल्यावर झोप उडाली. फाटलेल्या जागेचा भार नाहीसा होत नाही रे, तो शेजाऱ्याच्या आणि दोराच्या गळ्यात पडतो. भोक मधल्या पातळ भागात असेल तर ठीक. पण दोराचं पुढचं टोकच उखडलेलं असेल तर? रिपोर्टमध्ये फक्त 'लहान, आरपार' असं लिहिलंय. पुढच्या कडेपासून किती अंतरावर, याबद्दल अक्षर नाही. दिवसभर हात वर धरून रोलर फिरवायचा, आणि शेजारी निमूटपणे ओझं वाहत राहणार. दुखत नाही, म्हणून कुणाला कळणारही नाही. पंधरा वर्षं मी एकेक स्नायू सुटा तपासत आलो, त्यात असे किती हातातून निसटले असतील?

सकाळी उठून आधी त्यांना फोन केला, मंगळवारपर्यंत ब्रश खाली ठेवा म्हणून. ते नाराज झाले. काम हातचं जाईल म्हणाले, आणि ते खरंही आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटी आता शाळेत जात असेल. वहिनींना नमस्कार. तिघांचा फोटो पाठव.

स्कॅनच्या प्रती, नाव झाकून, सोबत ठेवल्या आहेत. बायसेप्सच्या बाजूची कड नीट बघ. ते गृहस्थ मंगळवारी सकाळी येतील, त्याआधी फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझाच,
नंदू