गाडीचं मॉडेल नको, सीटची कड पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाडीवरून माणसाचा पेशा आणि स्वभाव ओळखण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मोठी एसयूव्ही म्हणजे उद्योजक, लाल गाडी म्हणजे बेफिकीर माणूस, असे शिक्के वाचून वाईट वाटलं. मी मोटार मेकॅनिक आहे. गाडी मालकाविषयी पुष्कळ सांगते हे मला मान्यच आहे; पण मॉडेल आणि रंग पाहून ते कळत नाही.

हा समज मुळात गाड्या विकणाऱ्यांनी रुजवला. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर तयार झाली. डॉक्टरही तीच चालवायचा, शेतकरीही तीच. पुढे जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी प्रत्येक खिशासाठी निराळी गाडी हे धोरण आणलं: खाली शेव्हरोले, सगळ्यात वर कॅडिलॅक. तेव्हापासून गाडी ही ऐपतीची पाटी झाली, आणि तीही अर्धवट, कारण डोक्यावर कर्ज किती ते गाडी सांगत नाही. कुणाला ती कंपनीने दिलेली असते, कुणाला वडिलांकडून आलेली. गुडघे दुखतात म्हणून उंच गाडी घेणारेही आहेत. उरुग्वेचे अध्यक्ष असताना होसे मुहिका १९८७ची फोक्सवॅगन बीटल, म्हणजे एक छोटी, साधी गाडी चालवत. ती पाहून त्यांचा पेशा कुणी ओळखला असता?

माझ्याकडे एक छोटी, जुनी हॅचबॅक येते. किलोमीटर फारसे झालेले नाहीत, पण ड्रायव्हर सीटची दाराकडची कड फाटून आतला फोम बाहेर आलाय, दाराचा बिजागर सैल झालाय. म्हणजे चालवणारा माणूस दिवसभर चढतो-उतरतो. बाई घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करतात. त्यांचा पेशा त्या कडेवर दिसतो.

स्वभावाचंही तसंच. सिग्नलला न्यूट्रल न करता क्लच दाबून उभ्या राहणाऱ्याचा रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबला की ज्यावर जोर येतो तो भाग, लवकर वाजायला लागतो. दर वेळी अगदी जवळ जाऊन ब्रेक मारणाऱ्याचे पॅड लवकर संपतात. कुणाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ऑइल बदलल्याच्या तारखा नीट लिहिलेली वही सापडते, मग गाडी कितीही स्वस्तातली असो.

आणि टायर. मध्यंतरी एक महागडी, चकचकीत गाडी आली. चारही टायर कडांना गुळगुळीत, म्हणजे हवा कायम कमी. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली. मला फार राग आला. मी तसं बोललोही, आणि टायर बदलल्याशिवाय गाडी न्यायची नाही म्हणून अडून बसलो.

या विषयावर पुन्हा छापाल तेव्हा टायरमधली हवा आणि त्याची नक्षी कशी तपासायची तेही सोबत छापावं, ही विनंती.

आपला,
एक मोटार मेकॅनिक