तुझे टक्के पडतील, तरी मागतेय

केज तालुका, जि. बीड
2 नोव्हेंबर 2025

प्रिय शुभे,

सप्रेम नमस्कार.

फराळाचा डबा मिळाला. अनारसे एकही मोडले नव्हते. घरात कुणाचा विश्वास बसेना की ते तू केलेत, आणि खरं सांगू, माझाही बसलेला नाही. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात, मनातलं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे. ते शेवटी सांगते, आधी सगळं वाच.

तू परवा विचारलंस, "मंदे, चीनमध्ये म्हणे सरकार माणसांना मार्क देतं?" मी धाकट्याकडून वाचून घेतलं. सगळ्या देशाला एकच गुणपत्रक असं तिथंही नाही, गावोगावी वेगळं आहे. रोंगचेंग म्हणून एक शहर आहे, तिथं प्रत्येकाच्या नावावर सुरुवातीलाच 1000 गुण टाकले, आणि कशाने वाढतात, कशाने कापतात ते जाहीर केलं. नानजिंगला 2019 मध्ये झाडूवाल्यांच्या मनगटावर पट्टे बांधले. वीस मिनिटं माणूस जागचा हलला नाही की पट्टा बोलायचा, "जोर लावा!" लोक इतके चिडले की ते बोलणं बंद करावं लागलं. तसली घड्याळं आपल्या नागपुरातल्या सफाई कामगारांच्या हातावरही आलीच की. मला मात्र त्या रोंगचेंगचा हेवा वाटला. कशापायी किती कापलं हे निदान कळतं तरी! आमच्या अंगणवाडी सेविकांच्या ग्रुपवर महिनाअखेरीला कामाच्या टक्क्यांची नुसती यादी पडते, हिरवी, पिवळी, लाल. लाल का, म्हणून पर्यवेक्षिकेला विचारावं, तर ती म्हणते, "बाई, मलाच वरून लाल आलंय."

2018 साली केंद्राने आपल्याला 500 आणि मदतनीसला 250 रुपये जास्तीचे लावले आणि ते कामगिरीला बांधले, तेव्हाच हे सुरू झालं. तेव्हा आपण पेढे वाटले होते. मग 2021 मध्ये नोंदी करायचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, तेही इंग्रजीत. त्या ऑगस्टात आपण निषेध म्हणून सरकारी फोन नेऊन कार्यालयाच्या टेबलावर ठेवले, आठवतं ना? तुझा तर पिशवीतच तापून बंद पडला होता. आता ॲप मराठीत आहे, फोनही बरा आहे. त्रास गेला असं नाही, त्याने जागा बदलली.

आता चेहऱ्याचं ऐक. जुलैपासून घरी न्यायच्या आहाराचं पाकीट ॲपमध्ये आईचा चेहरा आधारच्या फोटोशी जुळल्याशिवाय द्यायचं नाही, हे तुलाही आहेच. गेल्या आठवड्यात वस्तीवरची एकजण आली, काखेत आठ महिन्यांचं पोर, कापूस वेचता वेचता तशीच उठून आलेली. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, गाल भरलेले. आता उन्हाने रापलेली आणि बाळंतपणाने वाळलेली. मी म्हटलं, पदर मागे घे, उजेडाकडे तोंड कर, आता डोळे मिचकाव. डोळे मिचकाव म्हटल्यावर तिला हसू फुटलं. हसली की जुळेना, गंभीर झाली तरी जुळेना. ओटीपीचा नंबर नवऱ्याचा. त्याला फोन लावला तर म्हणतो, "असंच गोड बोलून लोक खातं रिकामं करतात, मी नाही सांगायचा." त्याचं तरी काय चुकलं? ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून त्याला इतकी वर्षं बजावतंय कोण?

पाकीट मी दिलं. आईचा चेहरा जुळला नाही म्हणून पोराला काय सांगणार? पण ॲपच्या हिशोबात त्या पोराने काही खाल्लेलंच नाही. रजिस्टरवर तिचा अंगठा घेऊन ठेवलाय. नोटीस आली तर तोच कामाला येईल.

सकाळचा फोटो ॲपवर चढेपर्यंत खिचडी निवते. आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांत, आम्ही आपसात वाटून घेतलंय. जिच्या गावात रेंज चांगली, तिच्या ओट्यावर आठवड्यातून एकदा सगळ्याजणी फोन घेऊन जमतो, राहिलेल्या नोंदी करतो. चहा तिचा, बिस्किटं आमची. कुणाची आई दवाखान्यात असेल तर तिच्या गृहभेटींना दुसरी सोबत जाते. हे टक्क्यांत कुठंच बसत नाही, पण याच्यावरच टक्के उभे आहेत. वजनाचं मात्र कुणालाच वाटून घेता येत नाही. सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषितांत, पोर दाखवलं की वरून विचारणा, "काटा नीट आहे का?" काटा नीट आहे गं. पोर नीट नाही.

आता कामाचं. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन कुजलं. ज्यांनी दोन वर्षं ऊसतोडीचा कोयता सोडला होता, तेही यंदा मुकादमाची उचल घेऊन बसलेत. टोळ्या निघाल्यात. माझ्या पटावरची निम्मी पोरं ट्रॅक्टरवर बसून तुमच्याकडे येतायत, थेट कोल्हापुरातल्या शिरोळच्या बाजूला. दर साली हेच होतं. नाव माझ्या यादीत, पोर तुमच्या पालावर. ते तिथं उसाच्या पाचटात खेळतं आणि मी इथं ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत लाल. मला सल्ला मिळाला आहे, तोंडी, की नावंच काढून टाक, टक्का आपोआप सुधारेल. मी काढलेली नाहीत. नाव काढलं तर ते पोर कुठंच उरत नाही, ना माझ्याकडे ना तुझ्याकडे.

ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे. तू ती नावं तुझ्या अंगणवाडीत घे, एवढंच मागणं आहे.

एवढंच म्हटलं, पण ते केवढं आहे ते मला कळतं. नावं तुझ्याकडे आली की मी हिरवी होणार आणि तू लाल. त्या बाया पहाटे अंधारात फडावर जातात, गाडी भरून झाल्यावर परततात. चेहरा दाखवायला तुझ्या दारात केव्हा यायच्या? तुझा प्रोत्साहन भत्ता जाईल, तुला बैठकीत उभं करतील. यंदा तुझं घराचं कर्ज चालू आहे, तेही माहीत आहे. दुसरं कुणी असतं तर शब्द टाकला नसता.

मी माझ्या परीने तयारी केली आहे. प्रत्येकीचं माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलंय आणि मागे पेनाने तुझ्या अंगणवाडीचं गाव लिहिलंय. ज्यांचा नंबर नवऱ्याच्या नावावर आहे त्यांना सांगितलंय की पहिल्या दिवशी नवऱ्यालाच सोबत घेऊन जा, म्हणजे ओटीपी समोरासमोर होईल. दोन पोरांकडे जास्त लक्ष दे. एक दीड वर्षाचा, कमरेला काळा करगोटा, त्याचं वजन भाद्रपदापासून हललेलं नाही. दुसरी पावणेचार वर्षांची, तिला तिची आठ वर्षांची बहीण सांभाळते. त्या बहिणीलाही खिचडी दे. ती यादीत बसत नाही, पण तिला दिली नाही तर ती धाकटीच्या ताटातली खाते. आणि तिनं तरी का खाऊ नये?

जमणार नसेल तर सरळ नाही म्हण. रागावणार नाही. पण गुरुवारच्या आत कळव. मुकादमाचा शेवटचा ट्रॅक्टर शुक्रवारी सुटतोय आणि त्याच्यासोबत मला यादी पाठवायची आहे. उत्तर ग्रुपवर टाकू नकोस, फोनच कर, दुपारी दोननंतर.

सासूबाईंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझीच,
मंदा