टेपचे वेढे वाढवून हवेची गळती थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजदर वाढले की लघुउद्योजकांची पत्रे आपल्याकडे येतात आणि त्यांतली तक्रार खोटी नसते. पण जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना शेडमध्ये दोन मिनिटे कान देऊन उभे राहावे. हवेच्या लाइनमधून जी फुसफुस ऐकू येते, तिचे बिलही त्याच मीटरवर चढत असते. ६ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या छिद्रातून सेकंदाला सुमारे ११ लिटर हवा निसटते आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसरला साधारण ३ किलोवॉट लागतात. दोन पाळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर १४,४०० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तरी १ लाख ३० हजारांच्या घरात. एकाच जोडातून एवढी हवा क्वचितच जाते. पण वीस-पंचवीस जोडांतली चिमूट-चिमूट मिळून ३ मिलिमीटरचे छिद्र सहज होते.

यावर ठरलेला इलाज म्हणजे जोड खोलायचा, टेफलॉन टेपचे आणखी दहा वेढे मारायचे आणि पाइप पान्याला नळीचा तुकडा लावून जीव खाऊन आवळायचे. चार दिवसांनी पुन्हा फुसफुस. कारण गळती कशामुळे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते.

आपल्याकडे बहुतेक फिटिंगला बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, पण त्यांचे दोन प्रकार आहेत. निमुळते आटे (१६ ला १ उतार) एकमेकांत रुततात आणि सील आट्यांतच होते. टेप फक्त शेंडा आणि खाच यांमधली नागमोडी फट भरतो. समांतर आट्यांचे काम मात्र नुसते धरून ठेवण्याचे. तिथे सील तोंडावरचा डाउटी वॉशर (धातूच्या कड्यात रबर बसवलेला) किंवा ओ-रिंग करते. अशा फिटिंगवर टेप गुंडाळणे म्हणजे भिंतीची ओल कॅलेंडर लावून झाकणे. शिवाय जाड टेपमुळे वॉशर नीट बसत नाही तो नाहीच.

तिसरी भानगड अमेरिकन बनावटीच्या मशीनची. त्यावर एनपीटी आटे असतात. पाव इंचात बीएसपीचे इंचाला १९ आणि एनपीटीचे १८ आटे, त्यामुळे फिटिंग थोडे फिरून अडते आणि चूक कळते तरी. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे आटे १४च. फिटिंग बिनबोभाट चढते, पण आट्याचा कोन एकात ५५ आणि दुसऱ्यात ६० अंश, म्हणून ते गळतच राहते. २०० रुपयांचा अ‍ॅडॅप्टर आणायचा सोडून लोक टेपची रिळे संपवतात.

निमुळता जोड करताना आधी लाइनचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून हवा सोडावी आणि गेज शून्यावर आल्याशिवाय पाना लावू नये. दाबाखालचा पितळी निपल आवळताना तुटला तर गोळीसारखा सुटतो. जुना टेप तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी पूर्ण काढावा. कोरडे फिटिंग हाताने फिरवून पाहावे. तीन-चार आटे जाऊन अडले तर ठीक. शेवटपर्यंत हाताने गेले तर आतले आटे मोठे पडलेले आहेत, तो सॉकेट बदलावा. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, तीन ते चार वेढे गुंडाळावा. पहिला आटा उघडा ठेवावा, नाहीतर टेपचे तुकडे विजेच्या कॉइलवर उघडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात आणि मग व्हॉल्व्ह खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड-दोन फेरे पुरेत. अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकच्या एफआरएलवर (हवा गाळणारा, दाब नेमणारा आणि तेल देणारा संच) त्याहून कमी, कारण निमुळता आटा पाचरीसारखा घुसतो आणि बॉडीला चीर पाडतो.

सर्वांत जास्त जोड बिघडतात ते मात्र शेवटच्या क्षणी. एल्बोचे तोंड सरळ येत नाही म्हणून तो पाव फेरा उलटा फिरवला जातो. तेवढ्याने सील मोडते. नेहमी पुढेच फिरवावे. पुढे जागा नसेल तर खोलून, साफ करून नव्याने टेप लावावा, नाहीतर सरळ युनियन (पाइप न फिरवता आवळता येणारा जोड) टाकावे.

कंप असलेल्या जागी, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, टेपपेक्षा लॉकटाइट ५७७सारखे अ‍ॅनारोबिक सीलंट (हवा न मिळता धातूच्या आट्यांत घट्ट होणारे) बरे. आटे तेलमुक्त हवेत आणि पूर्ण पकडीसाठी २४ तास द्यावेत. प्लॅस्टिकवर ते लावू नये. पाण्याच्या लाइनीतली सुतळी-सफेद्याची सवय हवेला आणू नये. ड्रायरच्या कोरड्या हवेने सुतळी सुकते, आक्रसते आणि जोड गळू लागतो.

तपासायला पाव लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो. ब्रशने जोडाभोवती लावून मिनिटभर थांबावे, कारण बारीक गळतीचा बुडबुडा हळू फुगतो. विजेच्या कॉइलपासून दूर राहावे. बुडबुडा आट्यांऐवजी बॉडीवर आला तर ती चीर आहे. टेपचा तिथे संबंध नाही.

एकूण गळती मोजायला मीटर लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवावा आणि लोडची (हवा भरत असतानाची) व अनलोडची (हवा न भरता थांबल्याची) मिनिटे टिपावीत. २ मिनिटे लोड आणि ८ मिनिटे अनलोड असेल, तर २ भागिले १०, म्हणजे क्षमतेच्या २० टक्के हवा गळतीत जाते. १० टक्क्यांच्या आत आणणे अवघड नाही. पाच-सहा आवर्तने मोजून सरासरी घ्यावी आणि आकडा तारखेसह कॉम्प्रेसरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आपला,
देखभाल विभागातील एक वाचक, भोसरी