बारोलो टस्कनीची नाही हो!

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला इटालियन रेड वाइनवरचा लेख वाचला, मराठीत कोणी यावर लिहितंय म्हणून आधी बरंच वाटलं, पण लेखकाने बारोलो या वाइनला उचलून थेट मध्य इटलीतल्या टस्कनीत नेऊन बसवलंय आणि वर 'गडद काळपट रंगाची' असंही लिहिलंय, मग मात्र राहवेना.

बारोलो पिएमोन्तेची, म्हणजे इटलीच्या पार वायव्य कोपऱ्यातली. आल्बा गावाजवळच्या लांगे टेकड्यांमधली 11 गावं, बास, एवढाच तिचा मुलूख, त्यातल्याच एका गावाचं नाव बारोलो. टस्कनीची अशी मुरवलेली रेड म्हणजे ब्रुनेल्लो, ती सांजोव्हेझे द्राक्षाची, ही नेबिओलोची, दोघींचा काडीचा संबंध नाही.

आणि रंग! अहो नेबिओलोचा रंग मुळात फिकाच असतो. मी आल्बाला एका छोट्या खाणावळीत जुनी बारोलो मागवली, ग्लासात बघतो तर पलीकडची बोटं दिसत होती, कडेला तर चक्क विटेसारखा केशरी रंग, मला वाटलं बाटली खराब झालीय, तसं बोललोही. वाढणारे काका हसले, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ग्लास तिरका धरला, ती केशरी कड दाखवली आणि खुणेनेच सांगितलं, वास घे. सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि त्याच्या मागोमाग नवीन रस्त्याच्या डांबराचा वास, विचित्र वाटेल पण खरंच! मग घोट घेतला तर असली तुरट की हिरड्या आवळून आल्या. दिसायला नाजूक पण अंगात जोर, लेखात नेमकं हेच राहून गेलंय.

त्या तुरटपणामुळेच तिला मुरवावं लागतं. कायद्याने कमीत कमी 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात, रिझर्व्हा म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर 62 महिने, आणि मोजायचं कापणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून. तरी सगळ्या गावांची सारखी नसते, ला मोराची त्यातल्या त्यात लवकर मवाळ होते, सेरालुंगाची भलतीच हट्टी, माती वेगळी ना. द्राक्षही तसंच, कोंब सगळ्यात आधी फुटणार आणि पिकणार सगळ्यात शेवटी, साधारण ऑक्टोबरात, तेव्हा खालच्या दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात. इटालियनमध्ये धुक्याला नेबिया म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं असं बरेच जण सांगतात.

लाकडाच्या पिंपावरून तर तिथे 1980-90 च्या काळात घराघरात भांडणं झाली. जुनी मंडळी हजारो लिटरच्या बोत्तीवर, म्हणजे मोठ्या पिंपांवर अडून, तरुणांना फ्रेंच ओकची 225 लिटरची पिंपं हवी, त्याला बारिक म्हणतात (आणि आकारानेही बारीकच!). तिथले वाइन बनवणारे एलिओ आल्तारे, तरुणांच्या बाजूचे, यांनी तर वडिलांची जुनी पिंपं करवतीने कापून टाकली होती. मला स्वतःला बोत्तीवालीच आवडते, छोट्या पिंपात व्हॅनिलाचा वास चढतो आणि गुलाब बिचारा दबून जातो.

लेखात 'जितकी जुनी तितकी चांगली' असंही आहे, तेही सरसकट खरं नाही, एका वयानंतर तीही उतरतेच. पण ते जाऊ द्या, पुढच्या रविवारी निदान टस्कनी तेवढी दुरुस्त करा.

तुमचा नेहमीचा एक वाचक